ई-क्लासच्या जुन्या पिढ्या खरोखरच अधिक भक्कम होत्या का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. मर्सिडीज-बेंझची ई-क्लास पिढ्यान्‌पिढ्या कशी बदलत गेली, हा पहिला प्रश्न; आणि आपले वडील म्हणतात त्याप्रमाणे जुन्या गाड्या नव्यांपेक्षा भक्कम होत्या का, हा दुसरा. मी १९९६ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो आणि आता नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत माझे स्वतःचे छोटे गॅरेज आहे. त्यामुळे हे उत्तर गाडीखाली आडवे होऊन ती पाहणाऱ्या माणसाचे आहे, हे लक्षात घेऊनच वाचावे.

आधी नावाचा गोंधळ दूर करतो. 'ई-क्लास' हे नाव १९९३ साली आले. त्यापूर्वी आकड्यानंतर येणारे ई हे अक्षर पेट्रोल इंजिनात इंधन फवारण्याची यंत्रणा आहे, एवढेच सांगत असे. पुढे सगळ्याच गाड्यांत ती यंत्रणा आली, त्या अक्षराला काही काम उरले नाही, आणि कंपनीने ते आकड्याच्या पुढे आणून बसवले. गाडीचा वंश मात्र त्याहून बराच जुना आहे. १९५३ साली आलेली १८० ही गोलसर गाडी या वंशाची खरी सुरुवात मानायला हरकत नाही, कारण वेगळ्या चासीवर बॉडी ठेवण्याची पद्धत सोडून सगळा सांगाडा एकसंध करण्याचे काम या कंपनीने तिच्यात पहिल्यांदा केले.

१९६१ साली मागच्या बाजूला माशाच्या परांसारखी टोके असलेली पिढी आली. दिसायला ती अमेरिकन धाटणीची होती, पण तिचे महत्त्व आतल्या पत्र्यात आहे. अपघातात गाडीचे पुढचे आणि मागचे टोक चेपले जावे, त्या चेपण्यात धक्क्याची ताकद जिरावी आणि मधला प्रवाशांचा भाग तसाच उभा राहावा, ही कल्पना बेला बारेन्यी या अभियंत्याची. तिचे पेटंट कंपनीला १९५२ मध्ये मिळाले होते. १९५९ च्या मोठ्या गाडीत ती प्रथम प्रत्यक्षात उतरली आणि दोन वर्षांनी या मधल्या आकाराच्या गाडीत आली. भक्कमपणाचा विचार करताना ही गोष्ट विसरता कामा नये. ज्या गाडीचे नाक धडकेत अजिबात चेपत नाही, ती गाडी सगळा धक्का आत बसलेल्या माणसांकडे पाठवते. 'पत्रा कसला जाड होता' असे कौतुक ऐकू आले की मला नेहमी बारेन्यी आठवतात.

१९६८ साली डब्ल्यू ११४ आणि ११५ ही पिढी आली; डब्ल्यू आणि पुढचा आकडा ही कंपनीची प्रत्येक पिढी ओळखण्याची सांकेतिक खूण. पॉल ब्राक यांनी रेखाटलेल्या या गाडीला जर्मन लोक वर्षावरून 'तिरकी रेघ, आठ' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. तिच्या एकूण एकोणीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या. आपल्याकडे मर्सिडीज म्हणजे शेठजींची गाडी, परंतु तिच्या मायदेशात हीच गाडी, विशेषतः डिझेल इंजिनाची, टॅक्सी म्हणून रस्तोरस्ती धावत होती. ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकाची १९७६ ची २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालली आणि अखेर कंपनीच्या संग्रहालयात गेली. दिवसभर टॅक्सी चालवणारा माणूस बसायला ऐट मागत नाही. त्याला पाठ न दुखणारी सीट, न बिघडणारे इंजिन आणि दोन तासांत होणारी दुरुस्ती हवी असते. ई-क्लासच्या कीर्तीचा पाया त्या चालकाच्या मागण्यांनी घातला, असे माझे मत आहे.

या मागण्यांचा कळस म्हणजे डब्ल्यू १२३. जानेवारी १९७६ ते जानेवारी १९८६ या काळात तिच्या सुमारे सत्तावीस लाख गाड्या बनल्या. तिच्यातल्या सगळ्यात लहान, २०० डी या डिझेल गाडीची ताकद सुरुवातीला अवघी ५५ अश्वशक्ती होती आणि शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग गाठायला तिला ३१ सेकंद लागत. घोडबंदर रोडवर आज रिक्षासुद्धा तिच्या मागे हॉर्न वाजवील. पण त्या इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरज उरत नाही. डिझेल पंप संपूर्ण यांत्रिक आहे आणि किल्ली फिरवून इंजिन बंद करण्याचे कामसुद्धा निर्वात नळीच्या ओढीने होते, त्यामुळे बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही गेले तरी गाडी घरी पोहोचते. असली गाडी उघडताना लक्षात येते की बनवणाऱ्याने मेस्त्रीचा हात कुठून आत जाईल याचा विचार आधीच केला आहे. त्याच वेळी, ८० च्या दशकाच्या सुरुवातीला, चाके न अडकू देणारे एबीएस ब्रेक आणि चालकाची एअरबॅग जादा पैसे मोजून याच गाडीत मिळू लागली होती. म्हणजे ती नुसती जुनाट यंत्रसामग्रीही नव्हती.

१९८४ च्या अखेरीस आलेल्या डब्ल्यू १२४ वर मी जरा अधिक थांबणार आहे, कारण माझे शिक्षण तिच्यावर झाले. ब्रूनो साको हे त्या वेळी कंपनीच्या रेखाटन विभागाचे प्रमुख होते आणि नव्या गाडीने आधीची गाडी एका रात्रीत जुनी दिसता कामा नये, असा त्यांचा आग्रह असे. मागच्या बाजूला निमुळती होत गेलेली तिची बॉडी हवेला इतका कमी अडथळा करते की तिचा रोध गुणांक ०.३० च्या आसपास, काही मॉडेलांत ०.२९ होता, त्या काळच्या चार दरवाजांच्या गाडीसाठी हा आकडा फार चांगला होता. मागच्या प्रत्येक चाकाला पाच वेगवेगळ्या दांड्यांनी धरून ठेवणारे सस्पेन्शन कंपनीने १९८२ च्या छोट्या १९० मध्ये आणले होते, ते इथे आले. खड्ड्यातून जाताना चाक वर-खाली होते पण त्याची दिशा बदलत नाही, याचे रहस्य त्या पाच दांड्यांत आहे, आणि त्यांचे रबरी बुश गेले की वेगात गाडी मागून पोहल्यासारखी का वाटते याचेही. तिचा एकमेव वायपर तर पाहत राहावा असा. तो नुसता अर्धवर्तुळात फिरत नाही. कोपऱ्याकडे जाताना दात्यांच्या यंत्रणेमुळे बाहेर सरकतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. जुलैत माजिवड्याच्या पुलावर पाऊस कोसळत असताना त्या वायपरचे काम ज्याने पाहिले आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. मात्र त्या दात्यांना वेळेवर ग्रीस मिळाले नाही तर तो कुरकुरतो आणि एक दिवस पावसातच अडकतो.

याच गाडीने भारतात पाया घातला. मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी १९९४ साली, तेव्हाच्या टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, भागीदारीत स्थापन झाली आणि १९९५ पासून पुण्यात डब्ल्यू १२४ ची जुळणी सुरू झाली. युरोपात त्याच वर्षी तिची जागा पुढच्या पिढीने घेतली, त्यामुळे 'आम्हाला उतरलेले मॉडेल दिले' अशी कुरबुर गिऱ्हाइकांत होती. गॅरेजवाल्याच्या दृष्टीने पाहिले तर आपल्याला उतरलेले नव्हे, उत्तम मुरलेले मॉडेल मिळाले. दोष तिच्यातही होता आणि तो जगजाहीर आहे: नव्वदच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत बनलेल्या पेट्रोल गाड्यांच्या इंजिनातील वायरिंगचे आवरण उष्णतेने कडक होऊन त्याचा भुगा होत असे. तेव्हा जुनी गाडी म्हणजे निर्दोष गाडी, हे समीकरण इथेच मोडते.

१९९५ च्या डब्ल्यू २१० ने चार लंबगोल दिव्यांचा चेहरा आणला आणि साकोंचा तो संथ वारसा एका झटक्यात संपवला. चेहऱ्यापेक्षा मोठा बदल हिशेबाच्या वहीत झाला होता. १९८९ साली टोयोटाने लेक्सस एलएस ४०० आणून तितकीच शांत, तितकीच नेटकी गाडी कितीतरी कमी किमतीत विकता येते हे दाखवून दिले. तोवर अभियंते गाडी बनवत आणि मग तिची किंमत ठरे. यानंतर किंमत आधी ठरू लागली आणि गाडी त्या किमतीत बसवली जाऊ लागली. डब्ल्यू २१० चा गंजण्याचा दुर्लौकिक जगभर झाला. पुढच्या सस्पेन्शनची स्प्रिंग ज्या पत्र्याच्या वाटीत टेकते ती वाटी आतून गंजते, आणि खाडीच्या खारट हवेत वाढलेली अशी गाडी समोर आली की मी सर्वांत आधी टॉर्च हातात घेऊन तिथे पाहतो. वापरलेली डब्ल्यू २१० घेण्याचा आपला विचार असेल तर ही वाटी पाहिल्याशिवाय पैशाची भाषा करू नये. तरीही या पिढीला नुसती नावे ठेवणे अन्यायाचे होईल, कारण पिनियन आणि रॅकचे नेमके स्टिअरिंग ई-क्लासमध्ये प्रथम हिच्यात आले आणि १९९८ पासून कॉमन रेल डिझेलही, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणारे इंजिन, हिनेच आणले. डिझेल मर्सिडीजचा तो ओळखीचा खडखडाट तिथून ओसरू लागला.

२००२ ची डब्ल्यू २११ दिसायला आजही मला सगळ्यांत देखणी वाटते, आणि सगळ्यांत जास्त धडा शिकवणारीही तीच. तिच्या ब्रेकची पद्धत नवी होती. पायाने पेडल दाबले की तो दाब थेट चाकापर्यंत जात नसे. सेन्सर पेडलची हालचाल मोजत आणि संगणक प्रत्येक चाकाला किती दाब द्यायचा ते ठरवून विजेच्या पंपाने देत असे. ब्रेक विलक्षण चपळ होते. पण मे २००४ मध्ये त्या यंत्रणेसाठी कंपनीला सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या, पुढच्या वर्षी विजेच्या आणि ब्रेकच्या दोषांसाठी आणखी १३ लाख, आणि २००६ च्या सुधारित आवृत्तीत कंपनी मुकाट्याने नेहमीच्या हायड्रॉलिक ब्रेककडे परतली. आम्हा मेस्त्रींना या गाडीने एक नवी सवय लावली. दरवाजा उघडला की तिचे ब्रेक जागे होऊन आपोआप दाब भरतात, त्यामुळे पॅड बदलण्याआधी स्कॅनर लावून यंत्रणा झोपवावी लागते. नाही झोपवली तर कॅलिपरमध्ये बोट चिरडू शकते. पान्याआधी स्कॅनर हातात घ्यायला लागलो, तो दिवस या गाडीमुळे उगवला.

२६ जुलै २००५ चा पाऊस आपल्याला ठाऊक असेलच. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंद झाली होती. त्यानंतर वागळे इस्टेटमध्ये आमच्याकडे बुडालेल्या गाड्यांची रांग लागली. त्यात एक डब्ल्यू १२४ डिझेल होती. आम्ही तिचे ग्लो प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू करताना ते तापवणारे प्लग, काढले, इंजिन फिरवून सिलिंडरमधले पाणी बाहेर फेकले, सगळी तेले बदलली, सीटा उन्हात टाकल्या, आणि आठवड्याने ती तिच्या मालकाला घेऊन निघाली. शेजारीच त्या वेळी नवी असलेली डब्ल्यू २११ उभी होती. तिची मुख्य बॅटरी डिकीच्या तळाशी, नियंत्रणाच्या पेट्या जागोजागी विखुरलेल्या. पाणी त्यांच्यात शिरल्यावर सुकवण्यासारखे फारसे काही उरत नाही, बदलण्यासारखे मात्र भरपूर असते. विम्याच्या माणसाने तिच्याकडे एकदा पाहिले आणि ती पूर्ण नुकसानीत काढली. आपले वडील ज्याला भक्कमपणा म्हणतात तो बहुधा हाच, म्हणजे बिघडल्यावर पुन्हा उभे राहण्याची सोय. ती नव्या गाड्यांत कमी झाली आहे, हे मी मान्य करतो. धडकेत माणूस वाचवण्याच्या बाबतीत मात्र प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या पुढे आहे, आणि मला रात्री घाटातून कुटुंबाला आणायचे असेल तर मी डब्ल्यू १२४ घेऊन जाणार नाही.

२००९ च्या डब्ल्यू २१२ बद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मागच्या पिढीची घडी नीट बसवणारी, चालकाला डुलकी लागते आहे का हे स्टिअरिंगच्या हालचालींवरून ओळखणारी, समंजस गाडी. आज वापरलेली ई-क्लास घ्यायचीच असेल तर मी हिचे, शक्यतो २०१३ नंतर चेहरा बदललेल्या गाडीचे नाव घेतो. २०१६ च्या डब्ल्यू २१३ मध्ये नवे दोन लिटरचे डिझेल आले, आणि इथे प्रगती आकड्यांतच दिसते: डब्ल्यू १२३ च्या २०० डी मध्ये १९८८ सीसीमधून ५५ अश्वशक्ती निघत होती, ई २२० डी मध्ये १९५० सीसीमधून १९४ निघते, आणि ३१ सेकंदांचे काम ७.३ सेकंदांत होते.

भारतात तिची खरी गंमत पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरात आहे. डब्ल्यू १२४ मध्ये ते २८०० मिलिमीटर होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये चाकणला बनलेली लांब ई-क्लास बाजारात आली, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली जगातली पहिली लांब ई-क्लास, आणि तिचे अंतर ३०७९ मिलिमीटर झाले. मूळ जर्मन गाडीपेक्षा ते १४० मिलिमीटरने जास्त होते आणि ती सगळी वाढ मागच्या प्रवाशाच्या पायांसाठी होती. तशी लांब गाडी त्याआधी चीनसाठी बनत होती. २०२४ मध्ये आपल्याकडे आलेल्या सध्याच्या पिढीत हे अंतर ३०९४ मिलिमीटर आहे, म्हणजे डब्ल्यू १२४ पेक्षा जवळजवळ एक फूट अधिक आणि ऐंशीच्या दशकातल्या लांब एस-क्लासपेक्षाही थोडे जास्तच. टॅक्सीचालकाच्या पाठीचा विचार करून वाढलेली गाडी आपल्याकडे मागे बसणाऱ्या साहेबांच्या पायांचा विचार करते आहे. माझ्याकडे येणाऱ्या लांब गाड्यांत पुढच्या सीटचे कव्हर झिजलेले असते, मागची सीट नव्यासारखी असते, आणि गाडीचा कोणता आवाज कुठून येतो हे मालकाला माहीत नसते. ते चालकालाच विचारावे लागते.