अझ्युअर डेव्हऑप्स या मायक्रोसॉफ्टच्या प्रोजेक्ट सांभाळायच्या सेवेतल्या सगळ्या टीमचे डॅशबोर्ड पॉवरशेलने कसे काढायचे? यादी मिळते, पण विजेटं (डॅशबोर्डवरचे चार्ट, याद्या वगैरे चौकोन) येत नाहीत.

तुमची स्क्रिप्ट चुकलेली नाही, अर्ध्यावर थांबली आहे. यादीच्या उत्तरात प्रत्येक डॅशबोर्डचा आयडी, नाव, क्रम अशी वरवरची माहिती येते, विजेटं येत नाहीत. विजेटं हवीत तर यादीतला एकेक आयडी घेऊन त्या डॅशबोर्डसाठी वेगळी गेट रिक्वेस्ट (माहिती मागवणारी विनंती) पाठवावी लागते. म्हणजे लूपमध्ये लूप: बाहेर टीम, आत डॅशबोर्ड.

सुरुवात टीमच्या यादीपासून करा. टीम जास्त असतील तर डॉलर-टॉप (किती नोंदी हव्यात) आणि डॉलर-स्किप (सुरुवातीच्या किती सोडायच्या) वापरून पानापानाने मागवा. इथे एक सापळा आहे. दुहेरी अवतरणात पत्ता लिहिला, की पॉवरशेल डॉलर-टॉपला स्वतःचं व्हेरिएबल समजतं. ते रिकामं असल्यामुळे पॅरामीटरचं नावच गळून पडतं आणि मागच्या टीम गुपचूप सुटतात. डॉलरच्या आधी बॅकटिक (`) टाका.

डॅशबोर्डच्या पत्त्यात ऑर्गनायझेशन, प्रोजेक्ट आणि त्यानंतर टीम, असा क्रम असतो. टीमच्या जागी नाव न देता आयडी द्या. नावात बहुधा स्पेस असते आणि नाव कधीही बदलू शकतं. पत्त्यातल्या एपीआय-व्हर्जनला (एपीआय म्हणजे स्क्रिप्टने सेवेकडून माहिती मागवायची सोय) प्रिव्ह्यूची शेपटीही लागते, नुसतं ७.१ दिलं तर रिक्वेस्ट नाकारली जाते. ७.१-प्रिव्ह्यू.३ असं पूर्ण लिहा.

डॅशबोर्ड काढायला टोकनला (पासवर्डऐवजी वापरायच्या गुप्त किल्लीला) दोनच परवानग्या पुरतात: टीम डॅशबोर्ड वाचण्याची आणि प्रोजेक्ट व टीम वाचण्याची. पूर्ण अधिकाराचं टोकन अशा स्क्रिप्टमध्ये ठेवू नका, अशी माझी आग्रहाची विनंती. बेसिक ऑथेंटिकेशनसाठी युजरनेम रिकामं सोडून कोलन आणि त्यापुढे टोकन, असं एकत्र करून बेस-६४ एन्कोडिंगमध्ये बदलायचं. टोकनआधीचा कोलन राहिला किंवा टोकनची मुदत संपली, तर ४०१ (ओळख पटली नाही) हा एरर कोड येईलच असं नाही. कधी २०३ कोड आणि साइन-इन पानाचं एचटीएमएल हाती येतं, आणि स्क्रिप्ट त्यालाच यश समजून पुढे जाते. म्हणून उत्तर जेसन (माहिती मांडायचा मजकुरी साचा) आहे ना, हे तपासूनच पुढचं पाऊल टाका.

आता विजेटं. प्रत्येकाचं नाव, ओळ-स्तंभातली जागा, आकार आणि प्रकार सांगणारा काँट्रिब्यूशन आयडी सरळ वाचता येतो. खरी माहिती सेटिंग्ज या फील्डमध्ये असते आणि ती जेसनच्या पोटात स्ट्रिंग म्हणून ठेवलेलं दुसरं जेसन असते. कन्व्हर्टफ्रॉम-जेसन पुन्हा एकदा चालवावं लागतं. पण सरसकट नको: काही विजेटांचं हे फील्ड नल असतं, आणि मार्कडाउन विजेटमध्ये तिथे साधा मजकूर असतो. ट्राय-कॅच लावा, उलगडलं नाही तर मूळ स्ट्रिंग तशीच ठेवा.

साठवताना कन्व्हर्टटू-जेसनला डेप्थ (किती पातळ्या खोल जायचं) २० द्या. डीफॉल्ट डेप्थ २ आहे, त्याखालचं सगळं सपाट होऊन बॅकअप निरुपयोगी ठरतो. विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये आउट-फाइल यूटीएफ-१६ लिहितं, त्यामुळे एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगा.

टीम पुष्कळ असतील तर रिक्वेस्ट एकामागून एक पाठवा. ४२९ (फार रिक्वेस्ट झाल्या) हा कोड आला, तर रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये जितके सेकंद दिले असतील तितकं थांबून तीच रिक्वेस्ट पुन्हा करा.

या एपीआयमधून डॅशबोर्डची मांडणी मिळते, चार्टवरचे आकडे मिळत नाहीत. आकडे हवे असतील तर क्वेरीवर चालणाऱ्या विजेटच्या सेटिंग्जमधून क्वेरी आयडी काढा आणि ती क्वेरी वर्क आयटमच्या (कामांच्या नोंदींच्या) एपीआयवर चालवा. साध्या यादीच्या क्वेरीतून वर्क आयटमचे आयडी आणि दुवे परततात, तपशील नाही. तपशील बॅच रिक्वेस्टने मागवा, एका वेळी जास्तीत जास्त २००.