बाउलमधला एक गोल्डफिश चार दिवसांत मेला. दुसरा वाचेल का? आणि मुलीला काय सांगू?

वाचू शकतो, पण उद्यावर टाकू नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून एवढं समजलं: मुलीच्या वाढदिवसाला कुणीतरी दोन गोल्डफिश आणि काचेचा गोल बाउल दिला. तुम्ही रोज सगळं पाणी बदलत होता, सकाळ-संध्याकाळ दाणे घालत होता. तरी चौथ्या दिवशी एक गेला. दुसरा पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंड उघडमीट करतोय. दुकानदार म्हणाला, "मछली तो मरती ही है, दूसरी ले जाइए."

हे वाक्य मी स्वतः गिऱ्हाइकांना ऐकवलेलं आहे. कॉलेजात असताना इथेच, इंदुरात, एका फिश अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मी तीन वर्षं संध्याकाळी कामाला होतो. तेव्हा मला ते खरंच वाटायचं. ते खरं नाही, हे कळायला मला माझे स्वतःचे सात मासे घालवावे लागले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आज रात्रीचं. घरात चाळीस-पन्नास लिटरचा प्लास्टिकचा टब असेल तर तो घ्या. त्याला साबण कधी लागलेला नको. आपल्याकडे नळ एक दिवसाआड येतो म्हणून ड्रम भरून ठेवायची सवय घराघरांत आहे, ती आज कामाला येईल. उघड्या ड्रममध्ये चोवीस तास राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. झाकणबंद टाकीतलं किंवा आजच आलेलं नर्मदेचं पाणी असेल तर अँटीक्लोर हवं. कुठल्याही माशांच्या दुकानात ते छोट्या बाटलीत मिळतं, आत सोडियम थायोसल्फेट असतं, काही मिनिटांत क्लोरीन मारतं. बोअरिंगच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ते ताजं उपसलेलं असेल तर मगने चांगलं वरखाली ओतून हवा खेळवा. जडपणाची चिंता नको, गोल्डफिशला जड पाणी चालतं.

मासा थेट त्यात सोडू नका. बाउलच्या थोड्या पाण्यासकट त्याला एका भांड्यात घ्या, ते भांडं टबात तरंगू द्या, आणि अर्ध्या तासात चार-पाच वेळा टबातलं वाटीभर पाणी त्यात घाला. मग अलगद हाताने किंवा जाळीने फक्त मासा टबात सोडा. एअर पंप आणि स्पंज फिल्टर उद्या सकाळी आणाच. दोन्ही मिळून काही शेकड्यांचं काम आहे. दोन दिवस दाणे अजिबात नकोत. धडधाकट गोल्डफिश आठवडाभरही उपाशी राहू शकतो. त्याला जठरच नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यातून पुढे सरकतं. जास्त घातलेला प्रत्येक दाणा घाण बनून पाण्यातच येतो.

आता पहिला का गेला ते. मासा मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. नदीत, तळ्यात तो विरून जातो. चार-पाच लिटरच्या बाउलमध्ये तो माशाभोवतीच राहतो आणि कल्ले जाळतो. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं, वासही येत नाही, आणि मासा मात्र जळत असतो. वर येऊन तोंड उघडणं, कल्ले लालभडक होणं, पर अंगाशी मिटून घेणं ही त्याचीच लक्षणं.

मुरलेल्या, म्हणजे काही आठवडे चालू असलेल्या टँकमध्ये हा अमोनिया जिवाणू खातात. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारी असतं, नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, तळाच्या खड्यांवर, काचेवर वस्ती करतात आणि ती वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या बाउलमध्ये ते राहणार कुठे? आणि रोज नळाचं ताजं पाणी भरल्यावर होते-नव्हते तेही क्लोरीनने गेले. तुम्ही काळजीपोटीच सगळं पाणी बदलत होता, हे मला दिसतंय. हे तुम्हाला सांगायचं काम बाउल विकणाऱ्याचं होतं.

म्हणून पुढचे सहा आठवडे महत्त्वाचे. रोज टबातलं साधारण चौथाई पाणी काढायचं आणि तेवढंच, त्याच तापमानाचं, क्लोरीन नसलेलं पाणी भरायचं. सगळं कधीच नाही. ओळखीत कुणाकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मागून घ्या आणि ओलाच आणा. त्यात तयार जिवाणू असतात, निम्मं काम तिथेच होतं. पुढे तुमचा स्पंज धुवायची वेळ आली की टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली धरायचा नाही. लिटरला एक ग्रॅम या हिशोबाने खडे मीठ विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. मग रोज जेवढं पाणी बदलाल तेवढ्यापुरतंच मीठ पुन्हा. थेंब टाकून रंग बघायचं अमोनियाचं आणि नायट्राइटचं टेस्ट किट मिळतं, ते घ्या. दोन्ही शून्य दाखवायला लागली आणि तशीच राहिली की तुमचं पाणी मुरलं.

टब ही तात्पुरती सोय. साधा लांबट गोल्डफिश फूटभर होऊ शकतो, गोल अंगाचे ओरांडा वगैरे हातभर नाही तरी वीतभर होतात, आणि नीट ठेवले तर दहा-पंधरा वर्षं जगतात. मासा भांड्याएवढाच वाढतो म्हणतात, ते वाढणं नसतं, खुंटणं असतं. दोन फुटी टँकमध्ये (२४ × १२ × १२ इंच) जेमतेम ५६ लिटर पाणी मावतं. तीन फुटी, ३६ × १२ × १५ इंचांचा, १०० लिटरच्या थोडा वर जातो. माझ्याकडे राजेंद्रनगरातल्या घरात या मापात दोन ओरांडा आहेत, तिसरा मी घेणार नाही. उन्हाळ्यात टँक खिडकीपासून लांब ठेवा. इंदुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. पाण्यावर टेबल फॅन लावला तरी दोन-तीन अंश उतरतात. फायटर (बेटा) माशाचं उलट, त्याला पंचवीसच्या वर लागतं. आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटरशिवाय तो काढू शकत नाही.

इतर देशांनी बाउलचा विचार केलेला आहे. रोम शहराने २००५ मध्ये गोल बाउलवर बंदी घातली. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कुठलाही जीव, म्हणजे मासाही आलाच. २०१७ मध्ये केंद्राने अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांसाठी वेगळे नियम काढले होते, पण ते मागे घेतले गेले. २०१८ चे पेट शॉपचे नियम मुख्यतः कुत्री, मांजरं, ससे, पक्षी यांचा विचार करतात. त्यामुळे दुकानात माशाची बाजू घेणारा जवळपास कुणी नसतो. गिऱ्हाईकच असतं.

आणि तिथे काय चालतं ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. माल बहुतेक कोलकाता-चेन्नईकडून यायचा, थर्माकोलच्या खोक्यांत, ऑक्सिजन भरून बांधलेल्या पिशव्यांतून. चोवीस-तीस तास बंद पिशवीत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लधर्मी होतं, आणि त्यामुळे साठलेला अमोनिया तोवर फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो आणि तोच अमोनिया काही मिनिटांत विषारी रूप घेतो. अशा वेळी पिशवी उघडी ठेवून वेळ काढायचा नसतो. आम्ही पिशव्या उघडून आधी पैशांचा हिशोब करायचो. सकाळी पहिलं काम जाळी घेऊन मेलेले काढायचं. शटर पूर्ण वर जायच्या आत ते उरकायचं असा मालकांचा दंडक होता.

फायटर प्लास्टिकच्या ग्लासात रांगेने ठेवलेले असायचे. त्याच्या डोक्यात एक वेगळा अवयव असतो, त्याने तो वरची हवा घेऊ शकतो, म्हणून तो ग्लासातही मरत नाही. मरत नाही याचा अर्थ बरा आहे असा आम्ही लावला होता. आणि रंगवलेले ग्लासफिश! काचेसारखा आरपार दिसणारा हा मासा आपल्याच नद्यांतला, त्याला सुईने गुलाबी-हिरवा रंग टोचतात. मुलांना तेच आवडायचे. महिन्या-दोन महिन्यांत रंग फिका पडायचा, मासा त्याआधीच गेला नसेल तर. ते कुठे दिसले तर घेऊ नका आणि का घेत नाही हे मालकाला सांगा. माझ्या तीन वर्षांत एकाच बाईंनी तसं सांगितलं होतं. मला त्या अजून आठवतात.

दुसरा मासा जोडीला हवा असं मुलगी म्हणेल. गोल्डफिशला सोबत लागते हे खरं, पण पाणी मुरेपर्यंत नको. पाणी मुरल्यावर सकाळी दुकान उघडताना जा, टँकमध्ये मेलेले आहेत का बघा, माल कधी आला विचारा, आणि आठवडाभर तिथे टिकलेलाच मासा घ्या. आणि ठेवणं जमणारच नाही असं वाटलं तर कुणा टँकवाल्याला द्या, पण इथल्या सिरपूरच्या तलावात सोडू नका. ते २०२२ पासून रामसर यादीतलं, म्हणजे जगभरात महत्त्वाचं मानलेलं पाणथळ आहे. गोल्डफिश तळ उकरून पाणी गढूळ करतात, दुकानातले रोगही सोबत नेतात.

मुलीला खरं सांगा. पहिला मासा आपल्याला माहीत नव्हतं म्हणून गेला, असं. आमची आजी महेश्वरला घाटावर कणकेच्या गोळ्या माशांना घालायची आणि आम्हाला एकेकच गोळी द्यायची. सगळ्या एकदम टाकायच्या नाहीत, ते खाऊन होईपर्यंत बघायचं. मुलीला तसंच एक काम द्या. परवापासून दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपतील एवढेच दाणे तिने घालायचे आणि तो खातो का ते बघून वहीत लिहायचं. दुसरं कुणी घालणार नाही, पाहुणेसुद्धा.

आज रात्री टब भरून झाला की त्यावर जाळी किंवा ओढणी बांधा. नव्या पाण्यात गोल्डफिश उडी मारू शकतो.