व्यायामानंतर आहार वाढवावा का?

प्रश्न : वजन कमी करण्यासाठी मी रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालत जाते. परतल्यावर कडकडून भूक लागते. व्यायाम केला म्हणून जास्त खाल्ले तर चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्यासारख्या रोजच्या चालण्यासाठी एकूण आहार वाढवण्याची सहसा गरज नसते. सुमारे ७० किलो वजनाच्या व्यक्तीच्या तासभराच्या चढ-उतारात ढोबळमानाने ३०० ते ४०० कॅलरी खर्च होतात. मात्र केवळ ५० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांतूनच सुमारे २८० कॅलरी परत मिळतात. त्यातच मनगटावरील घड्याळे खर्च झालेल्या कॅलरींचा आकडा अनेकदा फुगवून दाखवतात, त्यामुळे तो पाहून खाणे ठरवू नये.

तरीही भूक दाबून ठेवणे मला मुळीच मान्य नाही, कारण सकाळी उपाशी राहणारी व्यक्ती बहुधा संध्याकाळी फरसाणाकडे वळते. घरी आल्यावर आधी पाणी प्यावे आणि नेहमीची न्याहारीच व्यायामानंतर घ्यावी. तिच्यात मोड आलेली मटकी, अंडी किंवा दही यांसारखे प्रथिनयुक्त पदार्थ असावेत, म्हणजे पोट अधिक काळ भरलेले राहते आणि वजन घटताना स्नायूंची झीजही कमी होते. ज्वारीची भाकरी सोडण्याचे कारण नाही. कंदी पेढा मात्र रोजचे बक्षीस होऊ देऊ नका.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. अशा वेळी खाण्याच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात.