तलावाकाठी आरमार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे मंडळ डिसेंबरात अंबाझरीच्या काठावर आरमारी लढाईचा प्रयोग करणार आहे. नागपूरचा समुद्राशी काय संबंध, असे लोक विचारतात. कोणता प्रसंग घ्यावा?
– एक वाचक, महाल

उत्तर : संबंध आहे, आणि तो निवेदनात सुरुवातीलाच सांगा. १७५१ च्या तहाने ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे आला, त्याबरोबर बालासोरचा किनाराही. १८०३ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला आणि त्याच वर्षी डिसेंबरात देवगावच्या तहाने कटक प्रांत भोसल्यांच्या हातून गेला.

लढाईसाठी मात्र फेब्रुवारी १७५६ चा विजयदुर्ग घ्या. तुळाजी आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आडोशाला नांगरलेले, समोर नौसेनापती वॉटसनचा इंग्रजी ताफा. जहाजे नांगरलेलीच असल्यामुळे काठावरचा देखावा खोटा वाटत नाही. एक विनंती : जमिनीच्या बाजूने नानासाहेब पेशव्यांची फौज इंग्रजांच्या सोबतीला होती, हे गाळू नका. प्रेक्षकांना ते टोचेल, पण ते वगळले तर तुळाजींचे आरमार का संपले हे कळणारच नाही.

प्रश्न : जहाज खऱ्या होडीवर बांधावे की काठावर?
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर : काठावरच. होडीवर उंच प्लायवूड चढवले की वजन वर जाते आणि माणसे एका बाजूला सरकताच होडी कलंडते. कापड लावले तर तेच शिडासारखे वारा धरते. शिवाय अख्खे जहाज लागतही नाही. गुराब म्हणजे आंग्र्यांचे मोठे लढाऊ जहाज. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पुढे रोखलेल्या दोन तोफा असत, साधारण नऊ ते बारा पौंडी, म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा डागणाऱ्या. तेवढा पुढचा भाग, १२ फूट रुंद, बांबूच्या सांगाड्यावर उभारा. कमरेपर्यंत प्लाय, त्यावर मांजरपाट. शीड गुंडाळूनच ठेवा, नांगरलेल्या जहाजाला तेच शोभते. दोर सुंभाचे घ्या, इतवारीत मिळतील. नायलॉन उन्हात चमकतो आणि त्याची गाठ सरकते.

पाण्यात एखादी होडी फिरवायचीच असेल तर लाइफ जॅकेट सगळ्यात वर, दिसेल असे हवे. त्यावर घोंगडी किंवा जाड अंगरखा नको, भिजला की माणसाला खाली ओढतो. तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची आणि पोलिस ठाण्याची परवानगी लेखी घ्या.

प्रश्न : तोफ कशी करावी? धूर आणि आवाज हवाच.
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : दारू अजिबात नको, फटाक्यातली काढलेलीही नको. नऊ पौंडी तोफेचे तोंड सुमारे ४.२ इंच, म्हणून ११० मिमीचा पीव्हीसी पाइप आतून जवळपास बरोबर बसतो. ७ फूट लांबी घ्या. त्यावर प्लायच्या चकत्या बसवा, मागे ३५ सेंमी, तोंडाशी २२ सेंमी. मग पुठ्ठा, कागदाचा लगदा आणि वरून मॅट काळा रंग. चकाकणारा ऑइलपेंट दिला की प्लास्टिक उघडे पडते. गाडा बुटका, भरीव लाकडी चाकांचा. आऱ्यांची मोठी चाके मैदानी तोफेला असतात, जहाजावर ती दिसली की जाणकार तिथेच मान फिरवतो.

धुरासाठी नाटकवाल्यांचे फॉग मशीन मागच्या तोंडाशी ठेवा, पण पाइपला चिकटवू नका. मशीनची नळी तापलेली असते, पीव्हीसी मऊ पडते. ५-७ सेंमी फट ठेवली की हवाही मिसळते आणि धूर पुढे ढकलला जातो. पाइपच्या तळाला बारीक भोक पाडा, नाहीतर साचलेला द्रव तोंडातून ठिबकतो. मोठा झोत सोडल्यावर मशीनला पुन्हा तापायला वेळ लागतो, म्हणून दोन तोफा आलटून पालटून डागा. पिठाचा किंवा रांगोळीचा ‘धूर’ करू नका : पीठ हवेत पसरले की ठिणगीने पेट घेते, रांगोळी डोळ्यांत आणि छातीत जाते. स्पीकर तोफेच्या मागे ठेवा. प्रेक्षकांजवळ ठेवला तर धूर एकीकडे आणि आवाज दुसरीकडे होतो.

प्रयोगाचा खरा जीव गोलंदाजांच्या हालचालीत आहे. एका तोफेला पाच जण, आणि क्रम कधीच चुकू नये : ओला पोचारा (नळी आतून पुसणे), दारूची पिशवी (तुमची अर्थातच खोटी), गजाने ठोकणे, गोळा, बोळा, पुन्हा गज, दोर ओढून तोफ पुढे, कानात (मागच्या बारीक भोकात) रंजक, म्हणजे पेटवण्याची बारीक दारू (तीही खोटी), आणि बत्ती. हौशी मंडळी घाईत पोचारा गाळतात. आत विझायची राहिलेली ठिणगी पुढची पिशवी भरणाऱ्याच्या हातातच पेटवायची, म्हणून तो आधी. बत्ती देणारा बाजूला उभा राहतो, मागे नाही, कारण तोफ धक्क्याने मागे येते. हा धक्का दाखवायला गाड्याला मागून दोर बांधून दोघांनी झटकन ३-४ फूट ओढावा. आठवडाभर रोज अर्धा तास नुसता हा क्रम करून घ्या, बिनआवाजाचा.

शेवटी आंग्र्यांचे आरमार जळते. ते खऱ्या ज्वाळेने दाखवू नका, मांजरपाट क्षणात पेटतो. खालून पंखा, नारिंगी दिवे आणि पातळ रेशमी पट्ट्या पुरेशा आहेत.

प्रश्न : इंग्रज खलाशांना पांढरा गणवेश भाड्याने मिळतो. चालेल का?
– एक वाचक, इतवारी

उत्तर : नाही. निळ्या कॉलरचा तो पोशाख नंतरचा. ब्रिटिश आरमाराने अधिकाऱ्यांना गणवेश १७४८ मध्ये दिला, साध्या खलाशांना १८५७ मध्ये. तुमच्या खलाशांना चौकटीचे सदरे, ढगळ आखूड विजारी आणि गळ्यात रुमाल द्या. निळे कोट फक्त अधिकाऱ्यांना. युनियन जॅकही आजचा नको : त्यातली तिरकी लाल पट्टी १८०१ मध्ये आली, त्याआधी तिरका पांढरा फुलीचा पट्टा एकटाच होता. बाजारातला झेंडा आणून ती लाल पट्टी पांढऱ्या कापडाने झाकून शिवा.