माघारीनंतरची मतं

विचारा तात्यांना
(उत्तरं देणारे तात्या तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेतून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले आहेत.)

प्रश्न : तात्या, नमस्कार. माझी लेक न्यू जर्सीला असते. जावई तिकडचा नागरिक झालाय आणि डेमोक्रॅटिक पक्षाकडे त्याने नाव नोंदवलंय. २०२४ च्या जूनमध्ये पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत त्याने बायडन यांना मत दिलं आणि जुलैत बायडन यांनी माघार घेतली. मी फोनवर विचारलं, "मग तुझं मत गेलं कुठे?" तर म्हणतो, "आई, ते कमला हॅरिसना गेलं." असं परस्पर कसं जातं? आमच्याकडे कोणी असं केलं तर लोक दारात येऊन बसतील.
— एक सासूबाई, आचरे

उत्तर : ताई, जावई खोटं बोलला नाही, पण मधली माणसं त्याने गाळली. प्राथमिक निवडणुकीतल्या मतांवरून प्रत्येक राज्यातून पक्षाचे प्रतिनिधी ठरतात आणि पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारावर शेवटचा शिक्का हे प्रतिनिधी मारतात. न्यू जर्सीचं मतदान ४ जूनला झालं. बायडन २१ जुलैला बाजूला झाले आणि त्याच दिवशी त्यांनी हॅरिस यांना पाठिंबा दिला. तोवर प्राथमिक फेरी सगळ्या राज्यांत आटोपली होती. ज्यांनी बायडन यांना मत देण्याचं कबूल केलं होतं ते प्रतिनिधी मोकळे झाले आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत त्यांच्यातल्या पुरेशा लोकांनी हॅरिस यांचं नाव घेतलं. मतदाराला परत कोणी विचारलं नाही. आपल्याकडे सरपंच थेट निवडून यायला लागण्याआधी सदस्य मिळून सरपंच करायचे, तसाच हा प्रकार. मत सदस्याला द्यायचं आणि सरपंच कोण झाला ते संध्याकाळी चावडीवर कळायचं.

तुमच्या जावयाचं दुखणं खरं तर जुनं आहे. न्यू जर्सीची पाळी बहुतेक वेळा शेवटाला, जूनमध्ये. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही राज्यं थंडीतच मत देऊन मोकळी होतात, आणि ही पंगत न्यू जर्सीपर्यंत पोचते तेव्हा पातेल्यात फारसं काही उरलेलं नसतं. २०२० मध्ये तर कोरोनामुळे त्यांचं मतदान आणखी पुढे, ७ जुलैला गेलं. त्या वेळी बायडन यांच्याविरुद्ध उभे असलेले बर्नी सँडर्स यांनी ८ एप्रिललाच प्रचार थांबवला होता, तरी मतपत्रिकेवर त्यांचं नाव होतंच. नाव राहू द्या, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. जास्त प्रतिनिधी आले तर पक्षाच्या जाहीरनाम्यात आपला शब्द चालेल, हा त्यामागचा हिशेब.

म्हणजे उमेदवार गेला तरी नाव राहतं, आणि त्या नावापुढे खूण करणारे लोकही राहतात. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षात निकी हेली ६ मार्चला बाहेर पडल्या. त्यानंतर २३ एप्रिलला पेनसिल्व्हेनियात मतदान झालं. तिथे पक्षात नोंदणी असलेल्यालाच मत देता येतं. तरीही दीड लाखाहून जास्त लोकांनी मैदानात नसलेल्या हेलींना मत दिलं. मे महिन्यात इंडियानात त्यांना वीस टक्क्यांच्या वर मतं पडली. आपण मत दिल्याने ही बाई आता परत येणार नाही, हे त्या लोकांना कळत नव्हतं असं मी मानत नाही. ट्रम्प यांना आमचं मत गृहीत धरू नका, एवढं सांगायला ते केंद्रावर गेले असावेत. पुढे मे महिन्यात हेलींनी स्वतः 'मी ट्रम्प यांनाच मत देणार' असं सांगितलं. त्यांचे मतदारही त्यांच्यामागे गेले का, हा पुढच्या पत्राचा विषय आहे.

जाता जाता एक गंमत. आयोवात २०२० पर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाची पद्धत अशी होती की, शाळेच्या नाहीतर चर्चच्या सभागृहात जमायचं आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं. साधारणपणे ज्या कोपऱ्यात १५ टक्के माणसं भरली नाहीत तो कोपरा बाद. मग त्यातल्या लोकांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, आणखी माणसं ओढून आपला कोपरा भरायचा, नाहीतर कोट चढवून घरी जायचं. हे सगळं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. आपल्या वाडीत असं ठेवलं तर मतदान होईल की नाही माहीत नाही, पण पुढच्या शिमग्याला पालखी कोणाच्या अंगणात थांबणार यावरून मोठी पंचाईत होईल.

प्रश्न : तात्या, आमच्याकडे नाक्यावर रोज एकच वाद. एक म्हणतो, नेत्याने माघार घेऊन पाठिंबा जाहीर केला की त्याची गठ्ठा मतं तिकडे जातात. दुसरा म्हणतो, काही नाही, निम्मे लोक घरी बसतात. तुम्ही आयुष्य निवडणुकांत घालवलंत. खरं कोण बोलतो? नावं घेऊन सांगा.
— चहाच्या टपरीवरची मंडळी, गुहागर

उत्तर : नावं घेतो, पण आधी परदेशातली, म्हणजे टपरीवरचे ग्लास शाबूत राहतील.

२०२० सालच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीचं उदाहरण घ्या. जो बायडन आयोवात चौथे आले, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. पक्षातले दुसरे उमेदवार पीट बुटिजेज दोन्हीकडे त्यांच्या पुढे होते आणि न्यू हॅम्पशायरमध्ये एमी क्लोबुशारही. हे तिघे मवाळ आणि सँडर्स, वॉरन हे डावे, अशा दोन रांगा पत्रकारांनी आखून ठेवल्या होत्या. म्हणजे बुटिजेज गेले की मतं बायडन यांची, इतकं सोपं. पण चाचण्यांमध्ये बुटिजेज यांच्या समर्थकांना दुसरी पसंती विचारली, तेव्हा उत्तरं सँडर्स, वॉरन, बायडन आणि आणखी एक उमेदवार ब्लूमबर्ग अशा चौघांत जवळजवळ सारखी वाटली गेली. खुद्द बायडन यांच्या पाठीराख्यांत दुसरं नाव म्हणून सँडर्स बऱ्याच जणांच्या तोंडी होतं. पत्रकारांची रांग मतदाराला मान्य नव्हती.

आता पुढचं बघा. २९ फेब्रुवारीला बायडन यांनी साऊथ कॅरोलिना मोठ्या फरकाने जिंकलं. १ मार्चला बुटिजेज बाहेर पडले. २ मार्चला क्लोबुशार बाहेर पडल्या आणि दोघांनी त्याच दिवशी बायडन यांना पाठिंबा दिला. ३ मार्चला चौदा राज्यांत मतदान झालं आणि त्यातली दहा बायडन यांनी घेतली. मिनेसोटा हे क्लोबुशार यांचं घरचं राज्य. चार वर्षांपूर्वी ते सँडर्स यांनी जिंकलं होतं, ते या वेळी बायडन यांच्याकडे गेलं.

टपरीवरचा पहिला गडी म्हणेल, 'बघा, गठ्ठा गेला.' मी म्हणेन, गेली ती मतं पाठिंब्याच्या भाषणाने गेली नाहीत. साऊथ कॅरोलिनाने दाखवून दिलं होतं की बायडन अजून जिंकू शकतात, आणि ही माघार मतदानाच्या तोंडावर आली, लोक अजून मत ठरवत होते तेव्हा. नेत्याने बोट दाखवलं खरं, पण लोक आधीच त्या दिशेला बघत होते. ज्यांनी आधीच टपालाने मत पाठवलं होतं त्यांची मतं मात्र बुटिजेज-क्लोबुशार यांच्याच नावावर मोजली गेली. कॅलिफोर्नियात अशांची संख्या काही थोडी नव्हती.

उलटं उदाहरण २०१६ चं. रिपब्लिकन पक्षात सतरा प्रमुख उमेदवार होते. ट्रम्पविरोधी मतं शेवटी एका जागी येतील या भरवशावर प्रत्येक जण दुसऱ्याच्या माघारीची वाट बघत राहिला. जेब बुश २० फेब्रुवारीला गेले, मार्को रुबिओ १५ मार्चला, टेड क्रूझ ३ मेला, केसिक त्याच्या दुसऱ्या दिवशी. एकेक जण गळत गेला तसा ट्रम्प यांचाही वाटा वाढतच गेला. मधल्या काळात लोकांना ट्रम्प यांची सवय झाली होती. उशिरा आलेल्या माघारीला किंमत नसते, हे आमच्या निवडणूक शाखेतल्या शिपायालाही ठाऊक होतं.

आता घरचं. माघारीच्या दिवशी दुपारी तीनची वेळ असते. नमुना ५ वर उमेदवाराची सही लागते. अर्ज तो स्वतः, त्याचा सूचक किंवा त्याने लेखी नेमलेला निवडणूक प्रतिनिधी आणून देऊ शकतो. एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही. तीन वाजेपर्यंत कार्यालयाच्या आवारात जी गर्दी असते तशी यादी लागते त्या दिवशीही नसते. कोणी भावकीतला समजूत घालत असतो, कोणी फोनवर 'साहेबांशी बोला' म्हणून मोबाइल पुढे करतो. तीन वाजून गेल्यावर सुचलेली माघार ही नुसती पत्रकार परिषद. नाव यंत्रावर राहतं, चिन्ह राहतं आणि मोजणीच्या टेबलावर त्यापुढेही मतं निघतात. पाठिंबा दिल्याची बातमी न पोचलेले लोक असतात, आणि पोचूनही ऐकायचं नाही असं ठरवलेले जास्त असतात.

मोठ्या निवडणुकीचं म्हणाल तर २०२४ ची रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा घ्या. शिंदे यांच्या शिवसेनेतून किरण सामंत इच्छुक होते, त्यांनी दावा सोडला आणि महायुतीकडून भाजपचे नारायण राणे उभे राहिले. यंत्रावर कमळ आणि मशाल. ज्या पट्ट्यात माणसं वर्षानुवर्षं धनुष्यबाण शोधून बटण दाबत आली, तिथे धनुष्यबाणच नाही. निकालात राणे यांनी विनायक राऊत यांच्यावर सुमारे ४८ हजारांनी मात केली, पण ती आघाडी सिंधुदुर्गातली. रत्नागिरी, राजापूर, चिपळूण या विधानसभा क्षेत्रांत राऊत पुढे होते, आणि रत्नागिरीचे आमदार महायुतीचे मंत्री उदय सामंत. मग नोव्हेंबरात विधानसभेला धनुष्यबाण परत आला, तर उदय सामंत रत्नागिरीतून आणि किरण सामंत राजापुरातून निवडून आले. लोकसभेचे आणि विधानसभेचे मुद्दे वेगळे असतात हे मान्य. तरी मे महिन्यातला सगळा गठ्ठा महायुतीच्या नेत्यांनी सांगितलेल्या बटणावर गेला, असं म्हणायला मी धजावणार नाही.

दुसऱ्या गड्याचं घरी बसण्याचं म्हणणंही साफ चूक नाही. कोकणात त्याला आणखी एक पदर आहे. आपला अर्धा मतदार मुंबई-ठाण्याला. ग्रामपंचायतीला वाडीतला माणूस उभा असला की चाकरमानी रात्रीच्या गाडीने येतो, सकाळी मत देतो, दोन फणस घेऊन परततो. तोच माणूस बसला की गाडीत जागा रिकामी. आमच्या ओळखीच्या एका मालवणी गृहस्थांना मी विचारलं होतं, आला नाहीत का? म्हणाले, "आमचो माणूस नाय, तर येवचा कित्याक?" गावातला मतदार मात्र सहसा घरी बसत नाही. तो केंद्रावर येतोच, कारण न येणं लोकांच्या लक्षात राहतं. तो मग बघतो, आपल्या कामाला उद्या कोण उभा राहील. वाडीच्या रस्त्यासाठी कोणाकडे जाता येईल, दाखल्यासाठी कोणाचा फोन चालेल. पक्ष आणि विचार त्यानंतर.

तेव्हा मंडळी, पैज लावायची तर दुसऱ्या गड्यावर लावा, पण थोडीच. आणि माघार कधी झाली ते विचारल्याशिवाय मुळीच लावू नका.

प्रश्न : कोकण पदवीधर मतदारसंघात मी २०२४ ला पहिल्यांदा मत दिलं. नावापुढे आकडे लिहायचे म्हणाले. मी फक्त १ लिहिला. माझा उमेदवार पडला तर माझं मत वाया गेलं का? आणि ज्याला मी मत देणार होतो त्या पक्षाने माणूस आधीच मागे घेतला होता, तेव्हा काय करायला हवं होतं?
— एक पदवीधर, लांजा

उत्तर : तुमचं मत वैध होतं. १ लिहिलात, पुरे. २ आणि ३ लिहिणं ऐच्छिक आहे. पण तुमचा उमेदवार मोजणीत बाद झाला असेल तर पुढे जायला तुमच्या मताला वाट नव्हती, ते तिथेच थांबलं.

मोजणी अशी : वैध मतांच्या निम्म्यापेक्षा एक जास्त, हा कोटा. पहिल्या पसंतीत कोणी तो गाठला की काम संपलं. नाही गाठला तर सगळ्यांत कमी मतं असलेला बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका उघडून पुढची पसंती ज्याची, त्याच्या ढिगात टाकतात. असं करत कोटा पूर्ण होईपर्यंत. आधीच्या पत्रात अमेरिकेतल्या लोकांना आपला माणूस गेल्यावर जो विचार करावा लागतो, तो इथे कागदावर आधीच लिहून ठेवता येतो. तिकडेही २०२० मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंग इथल्या डेमोक्रॅटिक पक्षाने अशीच पसंतीक्रमाची मतपत्रिका वापरली होती.

२०२४ ला मनसेने आपला जाहीर केलेला उमेदवार मागे घेतला, बहुधा तुम्ही त्याच पक्षाचे. भाजपचे निरंजन डावखरे निवडून आले. मागे घेतलेला माणूस मतपत्रिकेवरच नसतो, म्हणून त्याला १ देता येत नाही. अशा वेळी उरलेल्यांत तुम्हाला चालेल त्याला १, जेमतेम चालेल त्याला २, आणि जो मुळीच नको त्याच्यापुढचा चौकोन कोरा ठेवायचा. आकडा केंद्रावर मिळतो त्याच जांभळ्या स्केचपेनने लिहायचा. बरोबरची खूण, सही किंवा 'एक' असं अक्षरात लिहिलं तर मत बाद.

आणि हो, या मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते. विधान परिषदेच्या या आमदाराची मुदत सहा वर्षांची, म्हणजे पुढची निवडणूक २०३० ला. २०२४ च्या यादीत नाव होतं म्हणून निवांत राहू नका. नमुना १८ नव्याने भरावा लागेल, पदवीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडून.