गालावरचे डाग आणि लांबणीवर पडलेली तपासणी

मुलाच्या अंगावर एखादा डाग दिसला तर लगेच डॉक्टरांना दाखवावे की काही दिवस वाट पाहावी, हा प्रश्न पालक मला वरचेवर विचारतात. डाग कशाचा आहे हे सांगणे समुपदेशकाचे काम नाही. पण डाग दिसल्यापासून दवाखान्याची पायरी चढेपर्यंत काही घरांत महिनोन्महिने का जातात, हे मात्र मी जवळून पाहिले आहे. पुढील अनुभव ओळख पटणार नाही अशा रीतीने तपशील बदलून मांडला आहे.

ही आई माझ्याकडे आली ती झोप लागत नाही अशी तक्रार घेऊन, आणि आठ वर्षांच्या मुलीच्या गालांवरच्या फिकट पांढरट चट्ट्यांचा विषय निघाला तो बऱ्याच वेळाने. त्यांच्या मोबाइलमध्ये एकाच गालाचे असंख्य फोटो होते: खिडकीजवळ काढलेले, ट्यूबलाइटखाली काढलेले, मुलगी झोपलेली असताना काढलेले. डाग वाढतच चालला आहे अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात फोटोंतला उजेड बदलला की डागही लहानमोठा दिसत होता. कॅल्शियमच्या गोळ्या देऊन झाल्या होत्या आणि नात्यातल्या कुणाकडे उरलेले एक मलमही लावणे चालू होते. डॉक्टरांना दाखवले का, असे विचारल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मॅडम, त्यांनी कोड आहे असं सांगितलं तर?"

अशा वेळी पालकांना निष्काळजी ठरवणे सोपे असते, पण ते बहुधा खोटे असते. दिवसातून दहा वेळा मुलीचा गाल पाहणारी आई निष्काळजी कशी म्हणायची? तपासणी होत नाही तोवर 'तसे काही नसेल' ही आशा शाबूत राहते, आणि ती जपण्यासाठीच तपासणी टळत राहते. म्हणून मी धीर देण्याच्या भरीस न पडता एवढेच विचारले की, कोड असेल तर थांबण्याने काय साधेल आणि नसेल तर काय साधेल. कोडाच्या उपचारांना सुरुवातीच्या काळात प्रतिसाद मिळण्याची शक्यता अधिक असते; आणि कोड नसेल तर ही सगळी जाग्रणे विनाकारण होती. दोन्ही बाजूंनी थांबण्याच्या पारड्यात काहीच पडत नव्हते, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवले.

त्यानंतर आम्ही डॉक्टरांना काय सांगायचे ते कागदावर उतरवले: डाग प्रथम कधी दिसला, खाज किंवा कोंडा आहे का, घरात कुणाला दमा, ॲलर्जी किंवा त्वचेचा आजार आहे का, आणि आजवर काय काय लावले. त्या मलमाचा उल्लेख करायला त्यांना संकोच वाटत होता. ट्यूब सोबत नेण्याचा आग्रह मी धरला, कारण त्यावर स्टेरॉइडचे नाव छापलेले होते. असे मलम चेहऱ्यावर दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, रंगही फिका पडू शकतो, आणि मुळात नायटा असेल तर त्याचे रूप बदलून निदान अवघड होते. फोटोंपेक्षा ती ट्यूब अधिक उपयोगाची होती.

मुलीचा विचार यात मागे पडला होता. येताजाता आई गालाकडे पाहते म्हणून ती केस पुढे ओढून बसू लागली होती. 'डाग कशामुळे आलेत ते डॉक्टर बघतील, मी तुझ्याजवळच असेन,' एवढेच तिला सांगावे, असे मी सुचवले. काहीच दुखणार नाही किंवा इंजेक्शन मिळणार नाही, अशी वचने पालकांनी स्वतःच्या जोरावर देऊ नयेत. एक जरी खोटे ठरले तरी पुढच्या भेटीला मूल तयार होत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांनी डागांच्या कडा आणि त्यांवरचा बारीक कोंडा पाहिला. काही आजारांत फिकट चट्ट्यावरची संवेदना कमी होते, म्हणून कापसाने स्पर्श करून तीही तपासली. मग अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्पच्या अतिनील प्रकाशात डाग पाहिले. कोडाचा डाग त्या प्रकाशात निळसर पांढरा, ठळक चमकतो. इथे तसे झाले नाही. निदान झाले पिटिरियासिस अल्बाचे, म्हणजे बारीक कोंडा असलेले फिकट चट्टे येणाऱ्या त्वचेच्या एका सौम्य त्रासाचे. साधारण 3 ते 16 वर्षे वयात, विशेषतः कोरड्या त्वचेच्या मुलांत, हा त्रास बराच आढळतो आणि तो संसर्गजन्य नसतो. जुने मलम बंद झाले, मॉइश्चरायझर आणि उन्हापासून संरक्षण सुरू झाले. निदान कोडाचे आले असते तरी जाणे योग्यच ठरले असते. तोही संसर्गाने पसरत नाही आणि त्यावर उपचार आहेत.

फिकट डागासाठी काही दिवसांनंतरची वेळ मिळाली तरी चालते. मात्र पुरळासोबत ताप असेल आणि मूल मलूल झाले असेल, दाबल्यावरही न मावळणारे जांभळे ठिपके असतील, अंगभर फोड येत असतील, ओठ किंवा डोळे सुजले असतील, श्वासाला त्रास होत असेल, तर वेळ मिळण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

त्वचेचा रंग पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागू शकतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तोवर रोजचे फोटो बंद करून महिन्यातून एकदा, एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढावा, असे मी पुढच्या भेटीत सुचवले. बरीच घासाघीस करून त्यांनी ते पंधरा दिवसांवर आणले, आणि मीही ते मान्य केले.