पीएमपी आणि आयटीच्या अनुभवावर परदेशातल्या आरोग्य प्रकल्पांत काम करता येईल का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात आयटीत अकरा वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर आहे, पीएमपी (प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र) केलंय, आता आफ्रिकेत किंवा आशियात आरोग्य यंत्रणा बळकट करणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पांत जायचंय. आरोग्याचं शिक्षण नाही, ते चालेल का? शिवाय पगार आणि कुटुंबाचं कसं?

चालेल. लोक जातातच. आफ्रिकेतल्या मलावीत आमचे टीम लीडर होते तेही पुण्याचेच, आयटीतून आलेले, पीएमपी. म्हणून तर तुमचा प्रश्न दिसला आणि मी गवार निवडायची टाकून लिहायला बसले.

मी बी. फार्म. नंदुरबार जिल्ह्यात सरकारी औषध भांडारात काही वर्षं काढली. इंडेंट, स्टॉक रजिस्टर, मुदत संपत आलेल्या सलाइनच्या बाटल्या, पावसाळ्याआधी धडगावकडे माल पोचवायची मारामारी, हे सगळं केलेलं. तिथून 2014 च्या शेवटी मलावीत गेले. जाऊन महिना झाला नाही तोच जानेवारी 2015 चा महापूर आला आणि दक्षिणेकडचे रस्ते वाहून गेले.

मलावीची तेव्हाची स्थिती सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. 2013 मध्ये तिथे ‘कॅशगेट’ झालं. सरकारी तिजोरीतून बनावट कामांच्या नावाखाली पैसे उचलले गेले होते. देणगीदार देशांनी अर्थसंकल्पाला थेट पैसे देणं थांबवलं. औषधांच्या बाबतीत तर आधीपासूनच मलेरिया, एचआयव्हीचा माल सरकारी भांडाराला वळसा घालून वेगळ्या साखळीतून यायचा. म्हणजे एकाच आरोग्य केंद्राच्या दारात वेगवेगळ्या मालकांचे ट्रक, आणि प्रत्येकाचा फॉर्म वेगळा. आमचा प्रकल्प या सगळ्याची माहिती एका ठिकाणी आणण्याचा. सरांनी, म्हणजे त्या पुण्याच्या टीम लीडरनी, डॅशबोर्ड देखणा करून घेतला होता. देशाचा नकाशा, जिल्हे हिरवे, पिवळे, लाल. मलेरियाच्या औषधासाठी न्सांजे जिल्हा सलग तीन तिमाही हिरवा.

न्सांजे म्हणजे मलावीचं दक्षिणेकडचं टोक, मोझांबिकच्या पोटात शिरलेलं. ब्लँटायरहून निघालं की घाट उतरून शिरे नदीच्या खोऱ्यात जायचं, आणि प्रत्येक वळणाला उकाडा वाढत जातो. नंतरच्या एका फेब्रुवारीत, ऐन मलेरियाच्या दिवसांत, मी तिथल्या एका आरोग्य केंद्रावर गेले. खिडकीशी बायकांची रांग, पाठीवर चितेंजेत, म्हणजे अंगाला गुंडाळायच्या कापडात, बांधलेली तापलेली पोरं. आत औषध वाटायला फार्मासिस्ट नाही, अटेंडंट बाई. तिकडे मोठ्या बाईला ‘अमायी’ म्हणतात, म्हणजे आई. तर या अमायीच्या हातात शिंप्याची मोठी कात्री होती.

मलेरियाचं औषध तिकडे ‘एलए’ म्हणून ओळखतात. मोठ्या माणसाचा पॅक 24 गोळ्यांचा, तीन दिवसांचा. पाच ते पंधरा किलोच्या बाळाला तीन दिवसांत सहाच गोळ्या, त्यांचा पॅक वेगळा. त्या गोळ्या पाण्यात विरघळतात आणि आईला वाचता येत नसलं तरी कळावं म्हणून वर चित्रं असतात. हे छोटे पॅक संपून त्या केंद्रावर सात आठवडे झाले होते. म्हणून अमायी मोठ्या पॅकचे कात्रीनं चार तुकडे करत होती. मुदतीची तारीख एकाच तुकड्यावर राहायची, बाकी तीन बिनतारखेचे. तुकडा वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळायचा आणि कपट्यावर पेननं एक सूर्य, एक चंद्र काढायचा: सकाळी एक, रात्री एक. गोळी चमच्यात कुस्करून द्यायची हे ती प्रत्येक आईला हातानं करून दाखवत होती. मी तासभर उभी होते, एकदाही कंटाळली नाही.

तिच्याजवळ शाळेची एकरेघी वही होती. डावीकडे फोडलेले मोठे पॅक, उजवीकडे दिलेले तुकडे, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. छोटे पॅक कुठल्या दिवशी संपले, तिथे तिनं गोल करून ठेवला होता. मी टॅब काढून तेच केंद्र उघडलं. हिरवं.

आमचा निर्देशांक होता, ‘महिनाअखेरीस एलएचा कोणताही पॅक शिल्लक असलेली केंद्रं’. मोठा पॅक शिल्लक म्हणजे केंद्र हिरवं. आणि गंमत पुढे आहे. पुढची मागणी मागच्या खपाच्या सरासरीवर ठरायची. छोटा पॅक नव्हताच, त्यामुळे त्याचा खप शून्य. खप शून्य, म्हणून पुढच्या मागणीत तो आणखी कमी. मोठ्याचा खप वाढलेला, कारण तो पोरांसाठी फाडला जात होता, म्हणून ट्रकमधून आणखी मोठे पॅक. आमची यंत्रणा दर महिन्याला वेळेवर, न चुकता, पोरांचं औषध कमी करत होती. माल नव्हता ते दिवस वगळून सरासरी काढायची, हे कुठल्याही भांडारातल्या माणसाला पहिल्या वर्षात शिकवतात. मी ते त्या सॉफ्टवेअरमध्ये तपासलं नव्हतं. ही माझी चूक, तीही तीन तिमाही.

परत आल्यावर सरांना सांगितलं. पॅकनिहाय निर्देशांक करू आणि वर्कशॉपच्या उरलेल्या पैशातून छोट्या पॅकची जिल्ह्याजिल्ह्यांत फिरवाफिरव करू. काही जिल्ह्यांत ते पडून होते, यादी माझ्याकडे होती. सर म्हणाले, निर्देशांक लॉगफ्रेममध्ये (प्रकल्पाच्या उद्दिष्टांच्या मंजूर तक्त्यात) आहे, त्यावर देणगीदाराची सही आहे, बदलायचा तर दुरुस्ती लागेल. पैसे प्रशिक्षणाच्या शीर्षाखालचे, वाहतुकीला वापरता येणार नाहीत. मी आवाज चढवला. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुम्ही स्टोअरकीपरसारखा विचार करता. प्रोजेक्ट मॅनेजरसारखा करायला शिका.” मराठीत म्हणाले, त्यामुळे टेबलावरच्या बाकीच्यांना कळलं नाही, एवढंच बरं.

पुढच्या तिमाही बैठकीत तोच हिरवा नकाशा मीच दाखवला. न्सांजेचा फार्मसी टेक्निशियन, पोरगेलासा मुलगा, अदबीनं उभा राहिला आणि विचारलं, “कुठला पॅक, मॅडम?” मला उत्तर माहीत होतं. मी म्हणाले, “नोंद घेतली आहे.” आज इतकी वर्षं झाली तरी तो प्रश्न आठवला की कान गरम होतात.

उरलेले पैसे शेवटी तळ्याकाठच्या हॉटेलात चार दिवसांच्या वर्कशॉपवर गेले. विषय होता औषधसाठ्याचं व्यवस्थापन. त्या आठवड्यात मी एका केंद्रावर गेले तर औषधांची खोली बंद. इनचार्ज वर्कशॉपला, चावी त्याच्या खिशात.

तर स्टोअरकीपरसारखा विचार. सर, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका. आरोग्य यंत्रणेचे ते सहा खांब (सेवा, मनुष्यबळ, माहिती, औषधं, पैसा, नेतृत्व) जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये मांडले, तेव्हापासून प्रत्येक प्रस्तावाच्या दुसऱ्या पानावर त्यांची आकृती असते. पण तापलेलं पोर खिडकीशी येतं तेव्हा यंत्रणा म्हणजे त्या कपाटात योग्य पॅक आहे की नाही, आणि कपाटाशी माणूस आहे की नाही. याच मलावीत 2004 पासून मनुष्यबळाचा एक मोठा कार्यक्रम चालला. त्यात परदेशी पैशातून सरकारी नर्स, डॉक्टर वगैरे अकरा प्रकारच्या कर्मचाऱ्यांच्या पगारात 52 टक्के भर घातली. नुसता पगार वाढवणं टिकणार नाही, हा नेहमीचा आक्षेप तेव्हाही होताच. या अकरा पदांवरची माणसं 2004 मध्ये 5,453 होती, 2009 मध्ये 8,369 झाली. पगाराबरोबर शिक्षणसंस्थांच्या जागाही वाढवल्या होत्या, श्रेय त्यांचंही. उलट युगांडात मोबाइल आणि ॲपचे इतके प्रायोगिक प्रकल्प झाले की 2012 च्या जानेवारीत तिथल्या आरोग्य खात्यानं नवे प्रकल्प थांबवा असं पत्रच काढलं. त्यातल्या प्रत्येकाला एक हुशार प्रोजेक्ट मॅनेजर असणार.

आता तुमचं. पीएमपी सीव्हीवर चालतं, निवड करणारे विचारतात. ते केलंयत तर ठेवा. एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) नोकरीच्या दारातून आत जायला उपयोगी आहे, त्यापुढे तुमचं तुम्ही. डीएचआयएस२ हे आरोग्याच्या आकडेवारीचं सॉफ्टवेअर मात्र शिकाच. ऑस्लो विद्यापीठातून चालतं, फुकट आहे, कितीतरी देशांच्या आरोग्य खात्यांत तेच आहे, आणि आयटीवाल्याला अवघड नाही. पण त्याआधी रजा काढून आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या पीएचसीच्या औषध खोलीत आठवडाभर बसायला मिळतंय का बघा. एमओंची (तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची) परवानगी घ्या, खुर्ची मागू नका. ‘ई-औषधी’ या सरकारी साठा-नोंदीच्या प्रणालीतला आकडा आणि फळीवरचे डबे जुळतात का, नसतील तर का, एवढंच बघा. आशाताईंशी बोला. मलावीत आशांसारखेच गावपातळीवरचे आरोग्यसेवक आहेत, हजार लोकांमागे एक हेच धोरण, पण ते सरकारी पगारावर आहेत. आपल्याकडे कामाप्रमाणे मोबदला आणि वर ‘स्वयंसेविका’ हे बिरुद. या बाबतीत आपण त्यांना शिकवायला जाण्यासारखं काही नाही. जामखेडच्या आरोळे दांपत्याच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पासारखं शिकवण्याजोगं आपल्याकडे आहे, तिथे जगभरचे लोक शिकायला येतातही, पण प्रस्तावांमध्ये ते कुणी फारसं घालत नाही.

एक मान्य करते. सरांचं सगळंच चुकीचं नव्हतं. निर्देशांक ज्यानं त्यानं मनाला येईल तेव्हा बदलले तर मागच्या वर्षाशी तुलना करता येत नाही. आणि एका शीर्षाचे पैसे दुसऱ्यावर टाकले तर ऑडिटमध्ये पैसे परत करावे लागतात, तेही खरं. खरेदीचं वेळापत्रक त्यांनी लावलं तसं मला जन्मात जमलं नसतं. निर्देशांकाची दुरुस्ती शेवटी झाली, त्यांनीच पाठपुरावा केला. तोवर प्रकल्पाची एक तिमाही उरली होती.

आणि हे आधी सांगायला हवं होतं: बाजार आता तो राहिलेला नाही. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली आणि 1 जुलैला यूएसएड ही त्यांची मदतसंस्था बंदच झाली. माझ्या ओळखीतले वीस-वीस वर्षं काम केलेले लोक घरी बसलेत. चालू नोकरी सोडून अर्ज करत बसू नका. आधी अल्प मुदतीचं सल्लागाराचं काम मिळतंय का बघा.

पगाराचा आकडा सांगत नाही, कारण तो संस्थेवर आणि तुमच्या पासपोर्टवर ठरतो. होय, पासपोर्टवर. एकाच टेबलावर एकाच कामाला तीन वेगळे पगार मी पाहिलेत. कुटुंब नेता येतं. लिलाँग्वे, ब्लँटायरला आंतरराष्ट्रीय शाळा आहेत, भाजी ताजी मिळते, तूरडाळ तर तिकडेच पिकते. शाळेची फी तेवढी करारात लिहून घ्या. “बघू नंतर, होऊन जाईल” यावर मी गेले होते आणि पहिल्या वर्षाची फी माझ्या नवऱ्यानं नाशिकहून पाठवली.